बेघरांना आसरा, खचलेल्यांना धीर

२० डिसेंबर हा संत गाडगे महाराजांचा स्मृतिदिन. दरवर्षी या दिवशी शाळाशाळांतून प्रतिमापूजन होते, गावोगावी हाती खराटे घेऊन रस्ते झाडले जातात आणि स्वच्छतेचे महत्त्व सांगणारी भाषणे होतात. ते योग्यच आहे. परंतु महाराष्ट्राने बाबांचा खराटा जितक्या आवर्जून लक्षात ठेवला, तितक्या आवर्जून त्यांनी उभारलेली छपरे लक्षात ठेवली नाहीत. ज्याला रात्री पाठ टेकायला जागा नाही आणि ज्याच्या मनाची उमेद संपली आहे, असा माणूस बाबांच्या साऱ्या कार्याच्या केंद्रस्थानी होता. झाडलोट ही त्या माणसापर्यंत पोहोचण्याची वाट होती.

पिंपरीलगत पवनेच्या काठी वसलेल्या काळेवाडीसारख्या वस्तीला ही आठवण विशेष जवळची वाटावी. परिसरात कारखानदारी वाढली, तसे विदर्भ, मराठवाडा, खानदेश आणि पश्चिम महाराष्ट्रातून कामाच्या शोधात आलेले लोक येथील चाळींत आणि भाड्याच्या खोल्यांत राहू लागले. ज्यांना काम टिकवता आले ते स्थिरावले. ज्यांचे काम सुटले, ज्यांना आजाराने गाठले, व्यसनाने पोखरले किंवा ज्यांचे घरच मोडले, त्यांच्या वाट्याला औद्योगिक पट्ट्यातील पुलाखालची जागा, रेल्वेचा फलाट किंवा रुग्णालयाच्या आवाराबाहेरची फरशी येते. या वस्तीपासून देहू आणि आळंदी ही दोन्ही तीर्थक्षेत्रे फार दूर नाहीत आणि दोन्ही ठिकाणी गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. स्वतःसाठी एकही खोली न बांधलेल्या माणसाने परक्यांसाठी इतकी घरे का उभारली, याचे उत्तर त्यांच्या बालपणातच सापडते.

घर मोडताना पाहिलेले मूल

डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात झाला. वडील झिंगराजी आणि आई सखुबाई. घरची परिस्थिती खाऊनपिऊन बरी होती. परंतु वडिलांना दारूचे व्यसन जडले. पाहुणा आला की दारू, सण आला की दारू, देवाला नवस फेडायचा तर बोकड आणि दारू, अशी त्या काळची रीत होती. त्या रीतीत झिंगराजींचे शरीर खंगले आणि संसारही गेला. डेबूजी जेमतेम आठ वर्षांचे असताना वडिलांचे निधन झाले. सखुबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे माहेरी आल्या.

मामा चंद्रभान यांच्या घरी डेबूजी वाढले. गुरे राखणे, नांगर धरणे, पेरणी, मळणी अशी शेतीची सारी कामे ते मन लावून करीत. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नाही. मामांच्या शेतीला बरकत येत होती. परंतु सावकाराच्या व्यवहाराने या घरालाही ग्रासले. लिहिता-वाचता न येणाऱ्या शेतकऱ्याचा अंगठा कागदावर उमटला की पुढे काय होते, हे डेबूजींनी जवळून पाहिले. कर्जाच्या पाशात जमीन गेली आणि त्याच धक्क्याने मामाही खचले व गेले. पुढे सावकाराची माणसे शेताचा ताबा घ्यायला आली, तेव्हा डेबूजी बांधावर उभे राहिले आणि त्यांनी ताबा देण्यास ठाम नकार दिला. अन्यायापुढे मान तुकवणे हा दैवाचा भाग नाही, हा धडा त्यांनी तेथे घेतला.

एका घराचा नाश दारूने आणि दुसऱ्या घराचा कर्जाने झाला. दोन्ही वेळी आधी माणसाचे मन खचले आणि मग छप्पर गेले. पुढे पन्नास वर्षे बाबा कीर्तनात दारू, कर्ज, अज्ञान आणि नवससायास यांवर इतक्या तळमळीने प्रहार करीत राहिले, त्यामागे हा स्वतः पाहिलेला अनुभव होता.

घर सोडले ते घर देण्यासाठी

१८९२ मध्ये डेबूजींचा विवाह कुंताबाईंशी झाला. अलोका आणि कलावती या मुली, मुद्गल आणि गोविंद हे मुलगे असा त्यांचा संसार. मुलीच्या बारशाला जातगंगेला दारू आणि मटणाचे जेवण घालण्याची प्रथा होती. डेबूजींनी ती मोडून गोडाधोडाचे जेवण घातले. भाऊबंदांना हे रुचले नाही, तरी त्यांनी माघार घेतली नाही.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्यांनी घराचा त्याग केला. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, डोक्यावर वा हातात मडक्याचे गाडगे आणि सोबत खराटा. या वेशामुळे लोक त्यांना कोणी गोधडेबुवा, कोणी चिंधेबुवा, तर कोणी वट्टीसाधू म्हणू लागले. अखेर हातातल्या मडक्यावरून गाडगे महाराज हेच नाव रूढ झाले.

सुमारे बारा वर्षे ते गावोगाव भटकले. हा काळ त्यांनी गुहेत किंवा मठात घालवला नाही. ते भाकरी मागत, पण ती कामाच्या मोबदल्यात. कोणाची लाकडे फोडून देत, कोणाच्या शेतात राबत, कोणाचे अंगण झाडून देत. मिळेल ते गाडग्यात घेऊन खात आणि झाडाखाली, देवळाच्या पायरीवर वा स्मशानाच्या कडेला झोपत. त्यांना वेडा समजून हाकलून देणारे, कुत्री अंगावर सोडणारे, पोरांकरवी दगड मारवणारे लोकही भेटले. बेघर आणि वेडा या दोन शिक्क्यांनी समाज माणसाला कसा माणसातून उठवतो, हे त्यांनी स्वतःच्या अंगावर झेलून जाणले. त्यामुळे पुढे त्यांनी निराश्रितांसाठी जे काही केले, त्यात उपकाराचा दर्प नव्हता.

चिखलातून घाट, घाटातून धर्मशाळा

अमरावती जिल्ह्यातील पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन हे यात्रेचे ठिकाण आहे. पौष महिन्यात तेथे मोठी जत्रा भरते. नदीत उतरण्याच्या वाटेवर चिखल असे आणि म्हातारी माणसे, बायाबापड्या घसरून पडत. बाबांनी फावडे घेऊन स्वतः पायऱ्या खोदायला सुरुवात केली. त्यांना पाहून लोक हाताला हात लावू लागले आणि १९०८ च्या सुमारास तेथे घाटाचे काम सुरू झाले. त्यांच्या साऱ्या संस्थांचे बीज या घाटात आहे. आधी स्वतः राबायचे, मग लोकांनी राबायचे, मग लोकांच्याच पैशाने वास्तू उभी राहायची आणि तिच्यावर बाबांची मालकी मात्र नसायची, ही त्यांची कार्यपद्धती येथूनच पक्की झाली.

या पद्धतीचे खरे रूप पंढरपुरात दिसले. आषाढी-कार्तिकीला लाखो वारकरी तेथे येत. ज्यांच्याकडे पैसा होता किंवा ज्यांच्या जातीचा मठ होता, त्यांची सोय होई. अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांना मात्र गावात कोणी थारा देत नसे. चालून थकलेली ही माणसे वाळवंटात, पावसात भिजत रात्र काढीत. ज्या विठ्ठलाच्या दर्शनाला ते आले, त्याचे देऊळही त्यांना बंद होते. १९२० च्या आगेमागे बाबांनी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा उभी केली आणि नंतर मराठा धर्मशाळाही बांधली. ज्या चोखोबांना देवळाबाहेर राहावे लागले, त्यांचेच नाव या वास्तूला देण्यामागे बाबांची भूमिका स्पष्ट होती. मुक्कामाला जागा मिळणे हा दानाचा विषय नसून माणुसकीच्या हक्काचा विषय आहे, असे ते मानीत.

त्यानंतर नाशिक, देहू, आळंदी, मूर्तिजापूर, पुणे, मुंबई अशा अनेक ठिकाणी धर्मशाळा उभ्या राहिल्या. धर्मशाळेच्या जोडीला अंध, अपंग आणि कुष्ठरोगी यांच्यासाठी अन्नछत्रे चालली. जत्रेच्या ठिकाणी बाबा स्वतः अशा लोकांना स्नान घालीत, त्यांना कपडे देत आणि पंगतीत बसवून जेवू घालीत. ज्यांना स्पर्श करायलाही लोक कचरत, त्यांच्या पाठीवरून बाबांचा हात फिरे. पोटात अन्न गेले, अंग स्वच्छ झाले आणि कोणीतरी नावाने हाक मारली की माणूस पुन्हा माणसात येतो, हे त्यांचे साधे निदान होते.

कीर्तनातून मनाची मशागत

त्या काळी मनाच्या आजाराकडे पाहण्याच्या दोनच वाटा होत्या. एक वाट येरवड्यासारख्या ठिकाणच्या वेड्यांच्या इस्पितळाकडे जाई आणि तेथे गेलेला माणूस बहुधा परत येत नाही, अशी लोकांची समजूत असे. दुसरी वाट भगताकडे, देवऋष्याकडे, अंगाऱ्या-धुपाऱ्याकडे आणि बोकडाच्या बळीकडे जाई. या दुसऱ्या वाटेने गरिबाचे दुःख तर हटत नसे. उलट नवस फेडण्यासाठी काढलेल्या कर्जात त्याचे घर बुडे.

बाबा वैद्य नव्हते आणि मानसशास्त्र हा शब्दही त्यांच्या कानी पडला नसेल. परंतु खचलेल्या माणसाशी कसे बोलावे, हे त्यांना ठाऊक होते. दिवसभर गाव झाडून काढल्यावर रात्री त्यांचे कीर्तन होई. हजारोंचा समुदाय जमे. वऱ्हाडी बोलीत, श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि त्यांच्याच तोंडून उत्तरे काढीत हे कीर्तन चाले. देव दगडात नाही, तो भुकेल्याच्या पोटात आहे. कर्ज काढून सण आणि लग्न करू नये. दारूच्या वाटेला जाऊ नये. हातावर भाकरी घेऊन खावी, पण मुलाला शाळेत घालावे, अशी त्यांची शिकवण होती. मधूनच गोपाळाच्या नामाचा गजर होई आणि सारा समुदाय टाळ्यांच्या ठेक्यावर एक होई. दिवसभर एकेकटा असलेला माणूस त्या रात्री एकटा राहत नसे. आपल्या दुःखाला कारण आहे, ते कारण पूर्वजन्मीचे पाप नाही आणि ते दूर करता येते, हे त्याला उमजे. निराशेवरचा हा मोठाच उतारा होता.

बाबांच्या कार्याचे सार म्हणून जी दशसूत्री महाराष्ट्रात सर्वत्र सांगितली जाते, तिच्यात ही दृष्टी पूर्णपणे उतरली आहे. भुकेल्याचे अन्न, तहानलेल्याचे पाणी आणि उघड्या-नागड्याचे वस्त्र यांपासून ती सुरू होते. गरिबांच्या मुलांचे शिक्षण, बेघरांचा आसरा, अंध-अपंग व रुग्णांचे औषधोपचार, बेकारांचा रोजगार, मुक्या प्राण्यांना अभय, गरीब मुलामुलींची लग्ने असा तिचा विस्तार आहे आणि दुःखी व निराश माणसाला हिंमत देण्यापर्यंत ती पोहोचते. छप्पर आणि हिंमत या दोन्ही गोष्टी तिने एकाच यादीत ठेवल्या. आजही अनेक योजना निवाऱ्याचा विचार एका खात्यात आणि मनाचा विचार दुसऱ्या खात्यात करतात. बाबांनी ही फारकत कधी मानली नाही.

स्वतःच्या दुःखाची परीक्षा

दुसऱ्याला धीर देणे सोपे. स्वतःवर आले की परीक्षा होते. १९२३ मध्ये बाबांच्या तरुण मुलाचे, गोविंदाचे, पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्याने निधन झाले. बाबा तेव्हा कोकणात खारेपाटण येथे होते. कीर्तन चालू असतानाच ही वार्ता त्यांच्यापर्यंत आली. त्यांनी कीर्तन थांबवले नाही. जगात रोज कोणाचे ना कोणाचे मूल जाते, मग एकासाठी रडून काय होणार, अशा आशयाचे समाधान त्यांनी श्रोत्यांसमोर मांडले आणि कार्य पुढे चालू ठेवले. या प्रसंगाचे कौतुक पुष्कळ झाले आहे. परंतु घरी एकटीने तो आघात सोसणाऱ्या कुंताबाईंची आठवण त्या कौतुकात सहसा निघत नाही.

बाबांच्या विरक्तीची खरी किंमत कुंताबाईंनी मोजली. नवऱ्याने गावोगावी मोठमोठ्या वास्तू उभारल्या, तरी त्या साध्या झोपडीत राहिल्या आणि कष्ट करून जगल्या. धर्मशाळेच्या कोणत्याही सुखसोयीचा लाभ आपल्या कुटुंबाला मिळू नये, असा बाबांचा कटाक्ष होता. आजच्या दृष्टीने पाहता हा नियम कुटुंबावर कठोर होता, हे मान्य करावेच लागते. मात्र सार्वजनिक पैशाला घरची वाट सापडली की संस्था कशी आतून पोखरली जाते, हेही महाराष्ट्राने पुष्कळदा पाहिले आहे. बाबा विश्वस्त नेमून कारभार त्यांच्या हाती सोपवीत आणि खराटा उचलून पुढच्या गावाला जात. त्यांनी कोणाला शिष्य केले नाही, कोणाला पाया पडू दिले नाही. पाया पडायला वाकलेल्याच्या पाठीत काठी बसे, अशा आठवणी जुन्या पिढीने सांगितल्या आहेत.

चोखामेळा धर्मशाळेच्या बाबतीत त्यांनी याच निर्मोहीपणाचा कळस गाठला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयी त्यांना अपार आदर होता. शिक्षणाशिवाय दलितांच्या दैन्याला उतार नाही, हे दोघांचेही मत होते. १९४९ मध्ये बाबांनी पंढरपूरची ही वास्तू बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेशीही त्यांचा असाच जिव्हाळ्याचा संबंध होता. रयतने १९५४ मध्ये कराड येथे काढलेल्या महाविद्यालयाला बाबांचेच नाव देण्यात आले.

रुग्णालयाच्या दारातली माणसे

आयुष्याच्या उत्तरार्धात बाबांचे लक्ष शहरांतील रुग्णालयांकडे वळले. खेड्यातून मुंबईला उपचारासाठी येणाऱ्या रुग्णाला खाट मिळे, पण त्याच्यासोबत आलेल्या आईला, पत्नीला किंवा भावाला पदपथावर झोपावे लागे. अनोळखी शहर, संपत आलेले पैसे आणि आत असलेल्या माणसाची काळजी यांनी ते नातेवाईक रुग्णाआधी कोसळत. तीर्थक्षेत्रातील यात्रेकरूपेक्षाही या माणसाला आसऱ्याची गरज अधिक आहे, हे बाबांनी ओळखले. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी त्यांच्या संस्थांना एकत्र आणणारे श्री गाडगे महाराज मिशन स्थापन झाले आणि १९५४ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी राहिली. बाबांच्या पश्चात त्यांच्या अनुयायांनी हीच परंपरा पुढे नेली. टाटा रुग्णालयात कर्करोगाच्या उपचारासाठी येणाऱ्या गोरगरिबांना दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेने वर्षानुवर्षे आधार दिला आहे.

१९५६ साली बाबांची प्रकृती खालावली होती. तरीही ८ नोव्हेंबर रोजी मुंबईत वांद्रे येथे त्यांनी कीर्तन केले. ते ध्वनिमुद्रित झाल्यामुळे त्यांचा आवाज आजही ऐकता येतो. ६ डिसेंबरला बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्या आघातानंतर अवघ्या दोन आठवड्यांत, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे नेत असताना वलगावनजीक पेढी नदीच्या पुलाजवळ बाबांची प्राणज्योत मालवली. घर सोडून निघालेल्या या माणसाने अखेरचा श्वासही वाटेवरच घेतला. अमरावती येथे त्यांची समाधी आहे.

आज काय उरले?

पुढे शासनाने त्यांचा यथोचित गौरव केला. १९९८ मध्ये त्यांच्या नावे टपाल तिकीट निघाले. २००० मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले आणि त्याने अनेक गावांचे रूप पालटले. २००५ मध्ये अमरावती विद्यापीठाला त्यांचे नाव मिळाले. परंतु ज्यांच्यासाठी ते जगले, त्या माणसांचा प्रश्न सुटलेला नाही. मोठ्या शहरांत एक लाख लोकसंख्येमागे किमान एक, शंभर जणांची सोय असलेले आणि रात्रंदिवस खुले असे निवारागृह असावे, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये दिला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने बेघर आणि निराधार मनोरुग्णाला मोफत उपचारांचा हक्क दिला आणि रस्त्यावर भटकणाऱ्या अशा व्यक्तीला संरक्षण देण्याची जबाबदारी पोलिसांवर टाकली. खंडाळ्याच्या घाटाखाली कर्जत येथे डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा ही संस्था रस्त्यावरील मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना त्यांच्या घरी पोहोचवते. या कामासाठी डॉ. वाटवानी यांना २०१८ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. डेबूजींना दगड मारणाऱ्या गावांपासून समाज या कायद्यांपर्यंत आला, ही वाटचाल थोडी नाही.

तरीही कायदा दार उघडू शकतो, हात धरून आत नेऊ शकत नाही. ते काम माणसालाच करावे लागते. आषाढीला देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीच्या मुक्कामानंतर पिंपरीवरून पुण्याकडे जाते, तेव्हा काळेवाडी-पिंपरीचा परिसर वारकऱ्यांना पाणी देतो, जेवू घालतो, त्यांचे पाय चेपतो. या परिसराला पाहुणचार शिकवावा लागत नाही. वारी पुढे गेल्यावर पुलाखाली जो उरतो, जो स्वतःशीच पुटपुटत असतो आणि ज्याला पाहून लोक रस्ता बदलतात, त्याच्यापर्यंत हा पाहुणचार पोहोचावा, एवढेच बाबांनी आयुष्यभर मागितले. त्यांच्या स्मृतिदिनी रस्ता जरूर झाडावा. पण झाडता झाडता त्या रस्त्यावर झोपलेल्या माणसापाशी थांबून त्याचे नाव विचारावे. बाबांच्या कार्याची सुरुवात नेहमी तेथूनच होत असे.